‘दोन वर्षांपासून’ इंग्रजीत लिहायचंय? सिन्स कुठे आणि फॉर कुठे

जळगावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आणि लोकांनी हाताने लिहून आणलेले अर्ज कॉम्प्युटरवर उतरवून देणं. निकाल लागले की बायोडाटावाल्यांची रांग लागते. यावल, चोपडा, एरंडोल, पारोळा, कुठून कुठून पोरं येतात. कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, “भाऊ, एवढं टाइप करी द्या.” त्या कागदावर एक वाक्य ठरलेलं असतं: आय ॲम वर्किंग सिन्स लास्ट टू इयर्स.

अर्थ कळतो, त्याबद्दल वाद नाही. आपल्याकडे बँकेत, शाळेत, मोबाइलच्या दुकानात सगळे असंच बोलतात आणि कोणाला खटकत नाही. बोलताना बोला, कोण अडवतंय. पण कागद पुण्या-मुंबईच्या किंवा बाहेरदेशीच्या ऑफिसात गेला की वाचणाऱ्याला एवढ्याशा वाक्यात दोन चुका दिसतात. सिन्सची एक, ॲमची दुसरी. या दोन्ही चुका दुरुस्त करायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, आपली मराठी पुरते. कशी ते पायरीपायरीने सांगतो. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितोय, कारण दुकानात पोरं वहीत अशीच उतरवून घेतात आणि घरी जाऊन इंग्रजी अक्षरांत लिहून काढतात. तुम्हीही तसंच करा, हात बसतो.

आधी चूक येते कुठून ते बघा

मराठीत ‘पासून’ एकटा दोघांचं काम करतो. “सोमवारपासून ताप आहे” आणि “चार दिवसांपासून ताप आहे.” पहिल्या वाक्यात ताप कधी चढला ते सांगितलं, दुसऱ्यात तो किती दिवसांचा झाला ते. शब्द एकच असल्यामुळे हा फरक आपल्या कानाला लागतच नाही. हिंदीचा ‘से’ही तसाच आहे, त्यामुळे हिंदीतून विचार करून सुटका होत नाही. इंग्रजीने मात्र कामं वाटून दिली आहेत. सुरुवात सांगायची असेल तर सिन्स, मुदत सांगायची असेल तर फॉर.

दुसरी भानगड क्रियापदाची. आपण “काम करतोय” म्हणतो, घरी अहिराणीत “काम करी ऱ्हायनू” म्हणतो. करी ऱ्हायनू म्हटलं की काम अजून चालू आहे हे ऐकणाऱ्याला पुरतं. तेच डोक्यात ठेवून हात लिहितो, आय ॲम वर्किंग. इंग्रजीला एवढ्याने भागत नाही. काम मागे कधीतरी सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे दोन्ही क्रियापदातच दिसावं लागतं.

खेड्यातली मराठी शाळा, म्हणून आपलं असं होतं, असं पोरं लाजत लाजत सांगतात. त्यात काही तथ्य नाही. जर्मन भाषेतला ‘झाइट’ आणि फ्रेंचमधला ‘दपुई’ हे शब्द आपल्या पासूनसारखेच दोन्ही जागी चालतात आणि त्यांच्यासोबत क्रियापदही वर्तमानकाळात येतं. इंग्रजी शिकताना जर्मन आणि फ्रेंच माणसं नेमकं इथेच अडखळतात.

पायरी पहिली: ‘झाले’ लावून बघा

हाच सगळ्यात कामाचा भाग आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

मराठीत मुदत सांगायची आणखी एक रीत आहे, आणि ती आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. “दोन वर्षं झाली, मी इथे आहे.” “आठ दिवस झाले, नळाला पाणी नाही.” अहिराणीत, “दोन वरीस व्हई गयात.” तर इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ‘पासून’ काढून तिथे ‘झाले’ बसवा. वाक्य सरळ उभं राहिलं तर फॉर लिहा.

दोन वर्षांपासून, दोन वर्षं झाली. बसलं. फॉर टू इयर्स.

पंधरा दिवसांपासून, पंधरा दिवस झाले. बसलं. फॉर फिफ्टीन डेज.

२०२२ पासून. “२०२२ झालं, मी इथे आहे”? असं कोणी बोलत नाही. सिन्स २०२२.

जूनपासून. “जून झाला, मी इथे आहे”? तेही नाही. सिन्स जून.

एकदा दुकानात बी.कॉम.ची एक मुलगी हे ऐकत होती. तिने मला बरोब्बर पकडलं. म्हणाली, “दादा, आखाजी झाली असं तर आपण म्हणतो. मग आखाजीपासूनला फॉर लावायचा का?” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. प्रश्न एकदम रास्त. आखाजी झाली, लग्न झालं, बारावी झाली, ही सगळी चालणारी वाक्यं आहेत. पण पुढचा अर्धा भाग जोडून बघा. “आखाजी झाली, मी माहेरी आहे.” काहीतरी राहिल्यासारखं वाटतं ना? मध्ये ‘तेव्हापासून’ घातल्याशिवाय जीव शांत होत नाही: “आखाजी झाली, तेव्हापासून मी माहेरी आहे.” “दोन वर्षं झाली, मी इथे आहे” याला मात्र तेव्हापासूनची गरज पडत नाही. म्हणजे कसोटी पुरी झाली ती अशी: झाले लावा, आणि वाक्याने ‘तेव्हापासून’ मागितलं तर सिन्स, नाही मागितलं तर फॉर.

हे उगाच जुळलेलं नाही. जुन्या इंग्रजीतल्या ज्या शब्दापासून सिन्स आला, त्या ‘सिथ्थन’चा अर्थच मुळी ‘त्यानंतर’ असा होता. सिन्सला मागे एक ठाम क्षण लागतो, ज्याच्यानंतर मोजायचं. तारीख असो, सण असो, नाहीतर बाबांची बदली.

शेतकरी घरातल्या पोरांना मी दुसरी खूण सांगतो. भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यासमोर आणा. ज्यावर बोट टेकवता येतं तो सिन्सचा. ज्याला वीत लावावी लागते तो फॉरचा. आमच्याकडे केळीची मृगबाग जून-जुलैत लावतात आणि कांदेबाग पाऊस सरत आल्यावर. “मृगापासून शेतात आहे” म्हणताना मृग नक्षत्र पंधरवडाभर चालतं, म्हणून कोणी वीत काढेल. तसं करू नका. मृगाकडे आपण इथे सुरुवात म्हणून बोट दाखवतोय, त्यामुळे सिन्स.

पायरी दुसरी: ‘लास्ट’ दिसला की सावध

“गेल्या दोन वर्षांपासून” यातल्या ‘गेल्या’चा लास्ट होतो आणि तयार होतं सिन्स लास्ट टू इयर्स. लास्ट आल्यामुळे वाक्य जड, सरकारी वाटतं, म्हणून ते बरोबरही वाटतं. नियम सोपा आहे. लास्टच्या पुढे मोजणीचा आकडा आला की फॉर, आणि लास्टच्या आधी द: फॉर द लास्ट टू इयर्स. लास्टच्या पुढे वार, महिना किंवा सण आला तर सिन्स, आणि द नको: सिन्स लास्ट मंडे, सिन्स लास्ट दिवाळी.

एके ठिकाणी दोन्ही चालतात, पण अर्थ बदलतो. सिन्स लास्ट इयर म्हणजे गेल्या साली कधीतरी सुरू झालं, तेव्हापासून. फॉर द लास्ट इयर म्हणजे गेले बारा महिने. पगाराची थकबाकी लिहिताना हा फरक पैशात मोजला जातो.

आकडा नसलेली मुदतही फॉरचीच. सिन्स मेनी डेज, सिन्स सो मेनी इयर्स, सिन्स लाँग, हे सगळं खोडा. फॉर मेनी डेज, फॉर सो मेनी इयर्स, फॉर अ लाँग टाइम. “लहानपणापासून”ला मात्र सिन्स चाइल्डहुड बरोबर. आणि सकाळपासूनचं सिन्स मॉर्निंग अपुरं राहतं, सिन्स धिस मॉर्निंग लिहा.

पायरी तिसरी: ॲम काढा

आता क्रियापद. चालू काम असेल तर हॅव बीन किंवा हॅज बीन, आणि पुढे आयएनजीचं रूप.

आय ॲम लिव्हिंग इन भुसावळ सिन्स फाइव्ह इयर्स, हे चूक. आय हॅव बीन लिव्हिंग इन भुसावळ फॉर फाइव्ह इयर्स, हे बरोबर.

रजेच्या अर्जात हमखास येणारं माय फादर इज इल सिन्स फिफ्टीन डेज हे वाक्य माय फादर हॅज बीन इल फॉर फिफ्टीन डेज असं हवं. इथे आयएनजी नाही, कारण आजारी ‘असणं’ आहे, ‘करणं’ नाही. तसंच नंदुरबारचं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला तेव्हापासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. ‘आहे’ म्हणून इज लिहाल तर फसाल. नंदुरबार हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट सिन्स १९९८.

ओळखणं, जवळ असणं, मालकीचं असणं, आवडणं, या क्रियापदांनाही आयएनजी लावू नका. आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स हे वाक्य चारित्र्याच्या दाखल्यांवर मी इतक्यांदा खोडलंय की आता पेन आपोआप चालतं. आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स.

‘जवळ असणं’ची गंमत बघा. जळगावच्या केळीला २०१६ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. इंग्रजीत: जळगाव बनाना हॅज हॅड अ जीआय टॅग सिन्स २०१६. हॅज हॅड! एका केळीवाल्या भाऊंनी प्रिंट हातात घेऊन मला सांगितलं, “एक शब्द दोनदा पडला, खोडून टाका.” खोडायचा नाही. पहिला हॅज काळाचा आहे, दुसरा हॅड ‘आहे’चा.

नकार असेल तरी हेच. “जूनपासून स्कॉलरशिप आली नाही” याचं आय डिड नॉट रिसीव्ह माय स्कॉलरशिप सिन्स जून होत नाही. आय हॅव नॉट रिसीव्हड माय स्कॉलरशिप सिन्स जून. डिड नॉट म्हटलं की प्रकरण तिथेच मिटल्यासारखं वाचलं जातं, आणि तुमचं तर अजून अडकलेलं आहे.

पायरी चौथी: काम संपलंय का, हे स्वतःला विचारा

चोपड्याकडचा एक मुलगा होता. डाळमिलमध्ये तीन वर्षं सुपरवायझर होता, घरच्या अडचणीने नोकरी सोडून सहा महिने झाले होते. मी सिन्सचा फॉर करून दिला आणि वाक्य ठेवलं, आय हॅव वर्क्ड इन अ दाल मिल फॉर थ्री इयर्स. मला वाटलं झालं काम. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, “सध्याच्या मिलला नोटीस किती दिवसांची द्यावी लागेल?” तो गडबडला. नोकरी सोडली आहे म्हणाला तर साहेबांना वाटलं कागदावर लपवलंय.

चूक माझी. फॉर स्वतःहून सांगत नाही की काम चालू आहे की संपलं, ते क्रियापद सांगतं. हॅव वर्क्ड फॉर थ्री इयर्स वाचलं की बहुतेक वाचणारे माणूस अजून तिथेच आहे असं धरतात. सोडलेल्या नोकरीला साधा भूतकाळ लावायचा: आय वर्क्ड इन अ दाल मिल फॉर थ्री इयर्स. हॅव गेलं की मिल सुटली.

शाळकरी पोरांना मी साने गुरुजींचं उदाहरण देतो. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते. साने गुरुजी टॉट ॲट अमळनेर फ्रॉम १९२४ टू १९३०. इथे हॅज टॉट लिहिलं तर गुरुजी आज सकाळीही वर्गावर गेले असा अर्थ होईल. सिन्स १९२४ तर अजिबात नाही. सिन्सची दोरी नेहमी आजपर्यंत येते, मध्ये तोडता येत नाही.

बायोडाटा लिहिणाऱ्यांना एक जास्तीचा सल्ला. चालू नोकरीसाठी शक्यतो सिन्स जून २०२३ लिहा, फॉर टू इयर्स नको. दोन्ही व्याकरणाने बरोबर, पण फॉरचा कागद शिळा होतो. तीच फाइल पोरं पुढच्या वर्षी पुन्हा प्रिंट मारायला आणतात आणि दोन वर्षं दोनच राहतात. सिन्सचा कागद आपोआप ताजा राहतो.

पायरी पाचवी: फ्रॉमला यात ओढू नका

काहींना सिन्सची भीती वाटते म्हणून ते सगळीकडे फ्रॉम घालतात. पासून म्हणजे फ्रॉम, शब्दकोशात तसंच असतं. मीही घालायचो. दुकान नवीन होतं तेव्हा रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं पत्र मी आखाती देशातल्या खरेदीदाराला लिहून दिलं. एका कंटेनरचे पैसे दोन महिन्यांपासून अडकले होते. मी लिहिलं, वुई आर वेटिंग फॉर पेमेंट फ्रॉम टू मंथ्स. तिकडून उत्तर आलं की आमच्याकडे तुमचं एकच बिल बाकी आहे, दोन महिन्यांची बिलं कोणती? त्यांनी ‘दोन महिन्यांचं पेमेंट’ असं वाचलं होतं. ते शोधाशोध करत बसले आणि पैसे आणखी लांबले. व्यापारी मला काही बोलला नाही, पण पुढची पत्रं त्याने दुसरीकडून करून घेतली.

वुई हॅव बीन वेटिंग फॉर पेमेंट फॉर टू मंथ्स लिहायला हवं होतं. दोन फॉर जवळजवळ आले की कानाला टोचतं, मग असं फिरवा: द पेमेंट हॅज बीन पेंडिंग फॉर टू मंथ्स. व्यापारी पत्राला हेच सगळ्यात स्वच्छ.

फ्रॉमला त्याच्या जोडीदारासकट वापरा: फ्रॉम मंडे टू फ्रायडे, फ्रॉम १९२४ टू १९३०. पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीलाही फ्रॉम चालतो. द शॉप विल बी क्लोज्ड फ्रॉम मंडे. तिथे सिन्स घालता येत नाही, कारण सोमवार अजून यायचाय.

पायरी सहावी: उरलेसुरले

“दोन वर्षांपूर्वी” हे वेगळं प्रकरण, तिथे अगो आणि साधा भूतकाळ: आय जॉइन्ड टू इयर्स अगो. सिन्स टू इयर्स अगो असं कडबोळं करू नका.

सिन्सच्या पुढे अख्खं वाक्य येऊ शकतं, ते साध्या भूतकाळात ठेवा. आय हॅव बीन प्रिपेअरिंग फॉर द एक्झाम सिन्स आय पास्ड ट्वेल्थ.

सिन्सचा ‘कारण’ असाही अर्थ होतो. सिन्स यू क्लोज्ड माय अकाउंट, आय हॅव रिसीव्हड नो मेसेजेस. खातं बंद केल्यामुळे की केल्यापासून? तक्रारीच्या अर्जात असा दुअर्थी सिन्स ठेवू नका. कारण सांगायचं असेल तर सरळ बिकॉज लिहा.

पायरी सातवी: कागद देण्याआधी एकदा शोध मारा

टाइप करून झालं की कंट्रोल दाबून एफ दाबा आणि सिन्स हा शब्द शोधा. प्रत्येक सिन्सच्या पुढे काय आहे ते बघा. इयर्स, मंथ्स, वीक्स, डेज किंवा अवर्स दिसले आणि त्यांच्यानंतर अगो नसेल, तर तिथे फॉर टाका. मग त्याच वाक्यात मागे जा. ॲम, इज किंवा आर सापडला तर हॅव बीन किंवा हॅज बीन करा. दोन मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटरच्या लाल रेघेवर विसंबू नका. ती स्पेलिंगची चूक दाखवते, आणि सिन्सचं स्पेलिंग बरोबरच असतं.

परवाच आलेला एक अर्ज नावगाव काढून दाखवतो. मूळ मजकूर असा होता: आय ॲम स्टुडंट ऑफ युवर कॉलेज सिन्स टू इयर्स. आय ॲम स्टेइंग इन हॉस्टेल फ्रॉम जुलै. देअर इज नो वॉटर इन अवर विंग सिन्स लास्ट सिक्स डेज. वुई टोल्ड द वॉर्डन बिफोर फोर डेज.

असा दिला: आय हॅव बीन अ स्टुडंट ऑफ युवर कॉलेज फॉर टू इयर्स. आय हॅव बीन स्टेइंग इन द हॉस्टेल सिन्स जुलै. देअर हॅज बीन नो वॉटर इन अवर विंग फॉर द लास्ट सिक्स डेज. वुई टोल्ड द वॉर्डन फोर डेज अगो.

चार ओळी आणि चार वेगवेगळ्या दुरुस्त्या. शेवटची ‘चार दिवस आधी’वरून आलेली, बिफोर फोर डेज. आजपासून मागे मोजताना अगो, आणि तो आकड्याच्या नंतर.

सरावाला तीन वाक्यं

उत्तर खाली आहे, पण आधी वहीत लिहून बघा. एक, “दोन तासांपासून लाइट गेली आहे.” दोन, “आजोबा चाळीस वर्षांपासून पहाटे उठतात.” तीन, “पोळ्यापासून पाऊस नाही.”

पहिलं: द पॉवर हॅज बीन आउट फॉर टू अवर्स. लाइट गेली म्हणून लाइट हॅज गॉन लिहू नका. दुसरं: माय ग्रँडफादर हॅज बीन गेटिंग अप अर्ली फॉर फॉर्टी इयर्स. इथे फॉर आणि फॉर्टी शेजारी येतात, घाईत एक फॉर गळतो, जपा. तिसरं: देअर हॅज बीन नो रेन सिन्स पोळा. अर्ज जळगावच्याच ऑफिसात जाणार असेल तर पोळा राहू द्या. विम्याची फाइल मुंबईला जाणार असेल तर पोळ्याच्या जागी त्या दिवसाची तारीख टाका.